हेच चालतं

सावद्याच्या धर्मकाट्यावर रात्री सव्वादहाला
केळीची आठवी गाडी चढली.
लाल आकडे थरथरले, थांबले,
डिगंबरनं वजन साठवायचं बटण दाबलं
तसा पडदा निळा,
त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी दिलगिरी.

मी फैजपूरहून स्कूटीवर आले.
सॅकमध्ये स्क्रू-ड्रायव्हर, खोडरबर, दोन रॅम,
दुपारच्या उरलेल्या दोन पुऱ्या.

शेठ म्हणाले, "व्हायरस असीन."
हमाल म्हणाले, "गरम झालं असीन बापा, मे हाय."
डिगंबर काहीच म्हणाला नाही,
तो हातानं पावत्या लिहीत होता
कार्बन उलटा घालून.

आधी मी चुकले, ते सांगून टाकते.
रॅम काढली, तिचे दात खोडरबरनं घासले,
पंख्यातून काढली केळीच्या चिकात कालवलेली धूळ
आणि वाळून कागद झालेली एक पाल.
सगळं बसवून रुबाबात म्हटलं,
"चढवा गाडी."
निळा.

मग मी नुसती बसले आणि पाहिलं.
काटा रिकामा असला की हे तासभर चालतं,
पत्ते खेळा, कालचा हिशोब काढा, काही म्हणत नाही.
वजन आलं की मरतं.
याचा अर्थ काटा धड, डबाही धड,
बिघडलाय दोघांमधला दुभाष्या
जो काट्याचं बोलणं डब्याला सांगतो.
"ड्रायव्हर खराब आहे," मी म्हटलं.

"किसको खराब बोला?"
खिडकीत पठाणकोटची पगडी.
"बाईस साल, मॅडम, एक खरोंच नहीं।"
त्याला आत बोलावून, पुरी देऊन समजवावं लागलं
की हा दुसरा, याला हात नाहीत, लायसन नाही,
दिसतही नाही, फक्त वायरीच्या टोकाला असतो.
तो चावत म्हणाला, "तो फिर इसको उतारो।"

उतरवायचं तर सेफ मोड.
पडदा उठला, मोठ्या अक्षरांचा, रंग उडालेला,
सलाइन लावलेल्या माणसासारखा,
ओळखतो सगळ्यांना, उठून बसत नाही.
तिथं तारीख सापडली.
काल पहाटे दोन चाळीसला, सगळे झोपलेले असताना
नेटवरून नवा आला होता
आणि जुन्याला काढून त्याच्या जागी बसला होता.
मागे जायचं बटण होतं. राखाडी.
जुन्याची प्रत कुणी ठेवलीच नव्हती.

डिगंबरनं खालचा खण ओढला.
सुपारी, रबरबँड, बंद पडलेलं कॅलक्युलेटर,
त्याखाली एक सीडी, वर मार्करनं लिहिलेलं:
काटा. हेच चालतं. नवं टाकू नये.
रुबाब तडवी.

"कोण हे?"
"माझ्या आधीचे. चौदा वर्सं व्हते."
"मग?"
"त्यायले नवं जमत नाही म्हने."
शेठ पंख्याकडे पाहू लागले.
"जाताना सांगेल व्हतं त्यायनं,
नेट नका लावू याले."
"आता कुठं असतात?"
"पालला. शेळ्या हायत."
"फोन लावू?"
"लावा. पन शिव्या मलेच देतीन."

सीडीचा ट्रे उघडेना, पिन घालून उघडला.
आत तबकडी गिरणीसारखी घरघरली.
डब्यानं विचारलं, हा जुना आहे, तरी टाकायचा?
हो.
खात्री आहे?
हो म्हटलं ना.

गाडी चढली. आकडे थरथरले, थांबले.
डिगंबरचं बोट बटणावर, डोळे माझ्यावर.
दाबलं.
प्रिंटर कर्रकर्र करत मागेपुढे धावला
आणि पावती बाहेर आली
सोळा हजार तीनशे ऐंशी किलो.
पगडीवाल्यानं ती घडी करून खिशात ठेवली,
मला सलाम केला, डब्याला नाही.

नेटची वायर मी उपसून शेठच्या हातात दिली.
त्यांनी ती तशीच धरून ठेवली,
कुठं ठेवायची ते कळेना.

निघायला हवं होतं, निघाले नाही.
खाटेवर टेकून दोन चाळीस होऊ दिले.
पडद्यावर शून्य किलो, शून्य किलो.
काही आलं नाही.
मार्कर घेऊन सीडीवर तारीख घातली,
खाली माझं नाव घालणार होते,
पण जागा एकाच ओळीची होती
आणि पालच्या बसला अजून तीन तास होते.